तपासणी कागदाची झाली, वस्तीची कधी होणार?

आंबेडकरी चळवळीत लेखापरीक्षण या विषयावर कधी सभा भरल्याचे कोणाला आठवते काय? अत्याचार झाला की आम्ही रस्त्यावर उतरतो. आरक्षणाला धक्का लागला की मोर्चे निघतात. पुतळ्याची विटंबना झाली की गावे बंद होतात. हे सारे करावेच लागते आणि ते करणाऱ्यांच्या बळावरच समाज उभा आहे. परंतु ग्रामपंचायतीची रोकड वही, पंचायत समितीतील मोजमाप पुस्तिका, नगरपरिषदेच्या लेखापरीक्षणातील आक्षेप या गोष्टींकडे आम्ही 'ते बाबू लोकांचे काम' म्हणून पाठ फिरवली. ज्या पैशावर वस्तीचे पाणी, नाली, दिवा, शाळा आणि दवाखाना अवलंबून आहे, त्या पैशाचा हिशेब आम्ही कधी मागितलाच नाही. मग तो हिशेब देणार तरी कोण?

हा प्रश्न आम्ही घाटंजी तालुक्याच्या निमित्ताने मांडत आहोत. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी हा एक. कापसाचा, कोरडवाहू शेतीचा आणि शेतमजुरांचा तालुका. येथे बौद्ध वस्त्या आहेत, कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावे आहेत, बंजारा तांडे आहेत. तालुक्यातील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ज्याच्या खिशात पैसा आहे तो आजारी पडला की यवतमाळ-नागपूरच्या खासगी दवाखान्यात जातो, पोराला इंग्रजी शाळेत घालतो, अंगणात बोअर खोदतो. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा आणि सरकारी हातपंप याखेरीज दुसरा आधार नाही. म्हणून या सेवा कशा चालतात याची तपासणी हा गरिबाच्या जिवाचा प्रश्न आहे.

जिवाचा प्रश्न हे आम्ही उगीच म्हणत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी देशभर पल्स पोलिओची मोहीम होती. त्या दिवशी घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, कापसी-कोपरी येथे, पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर घालण्यात आले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. मुले वाचली. देशभरच्या वर्तमानपत्रांत घाटंजीचे नाव छापून आले. बूथवर काम करणाऱ्या तिघांच्या निलंबनाची घोषणा झाली आणि प्रकरण लोकांच्या विस्मरणात गेले.

या तिघांची चूक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण जरा विचार करा. पोलिओ लसीच्या प्रत्येक कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी एक खूण असते. डोस देण्यापूर्वी ती खूण पाहायची, हा नियम आहे. बूथवर देखरेख करायला पर्यवेक्षक नेमायचे, कर्मचाऱ्यांना आधी प्रशिक्षण द्यायचे, हेही ठरलेले आहे. एवढी सारी तपासणी कागदावर असताना सॅनिटायझरची बाटली १२ मुलांच्या तोंडापर्यंत पोहोचलीच कशी? एका मुलाच्या बाबतीत झाली तर ती नजरचूक म्हणता येईल. १२ मुलांच्या बाबतीत झाली तर त्या ठिकाणी तपासणी नावाची वस्तूच नव्हती असे म्हणावे लागेल. पण शिक्षा कोणाला? सर्वात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला. वरच्या पायऱ्यांवर ज्यांनी 'प्रशिक्षण झाले', 'पर्यवेक्षण झाले' अशा रकान्यांवर सह्या करायच्या असतात, त्यांच्या सह्यांची तपासणी कोण करणार?

याच जिल्ह्याने त्यापूर्वी २०१७ साली आणखी भयंकर प्रकार पाहिला होता. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा, त्याखालील नियम १९७१ चे. दुकानांची तपासणी करणारे निरीक्षक त्या कायद्यात आहेत, फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची तरतूद नियमांत आहे. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारा मजूर मात्र अंगात फाटका सदरा आणि तोंडाला रुमाल बांधून उभा होता. माणसे मेल्यावर विशेष तपास पथक नेमले गेले. वरातीमागून घोडे ते हेच!

तेव्हा यंत्रणा नाही, ही आमची तक्रार नाही. यंत्रणा भरपूर आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० सालापासून आहे. त्यात गैरखर्च करणाऱ्याकडून वसुली करण्याची तरतूदही आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगरपरिषद या सर्वांचे हिशेब तपासणारे खाते आहे. गट विकास अधिकारी आणि विस्तार अधिकारी ग्रामपंचायतीची दप्तर तपासणी करतात. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते. वर देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक बसलेले आहेत. एवढ्या चाळण्या असूनही खडे ताटात येतात, तर चाळणीत काहीतरी खोट असली पाहिजे.

ती खोट आम्हांला तीन ठिकाणी दिसते.

पहिली खोट अशी की ही तपासणी पावतीची होते, कामाची होत नाही. हातपंप दुरुस्तीचे देयक आहे का? आहे. त्यावर सरपंचाची आणि ग्रामसेवकाची सही आहे का? आहे. मंजुरीचा ठराव आहे का? आहे. आक्षेप निकाली! हातपंपाला पाणी येते की नाही, हा रकानाच त्या तक्त्यात नाही. वस्तीतली बाई दोन फर्लांगांवरून डोक्यावर हंडे आणते, ही बाब कोणत्याही परिच्छेदात येत नाही. कामगिरीचे लेखापरीक्षण नावाचा प्रकार महालेखापरीक्षकांकडे आहे, पण तो निवडक योजनांचा आणि निवडक जिल्ह्यांचा. पोडावरच्या अंगणवाडीपर्यंत तो क्वचितच उतरतो.

दुसरी खोट ही की तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो एकाच घरचे असतात. साहेब येणार याची वर्दी चार दिवस आधी मिळते. शाळेला चुना लागतो, रस्त्यावर मुरूम पडतो, रजिस्टरे एका रात्रीत भरली जातात. साहेबांची गाडी मुख्य रस्त्यावर थांबते, ग्रामपंचायतीत चहा होतो, शेरा लिहिला जातो आणि गाडी निघते. वस्ती गावाच्या टोकाला असते. तिथपर्यंत गाडी जात नाही, कारण रस्ताच नसतो. रस्ता नाही हे कळायला तिथे जावे लागते आणि तिथे जायला रस्ता नाही! त्यात लोकप्रतिनिधींचाही धाक उरला नाही. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. योजना राबवणारा अधिकारी आणि सभागृहाच्या जागी बसून तिला मंजुरी देणारा अधिकारी एकच. मग कुंपणाने शेत खाल्ले तर ओरडणार कोण?

तिसरी खोट सर्वात मोठी. ज्याच्या नावाने पैसा आला, त्याला अहवाल कोणी वाचून दाखवत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना घ्या. जुन्या माणसांना ती दलित वस्ती सुधार योजना म्हणून ठाऊक आहे. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधी मिळतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च केली पाहिजे, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी गावांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. आता आपल्या वस्तीत उभे राहून सांगा, हे आकडे किती जणांना माहीत आहेत? वस्तीच्या नावाने मंजूर झालेला सिमेंट रस्ता वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि पाटलाच्या वाड्यापुढे मात्र रुंद होतो, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. कागदावर मात्र 'काम पूर्ण' असते. लेखापरीक्षकाला पावती मिळते, ठेकेदाराला पैसा मिळतो आणि वस्तीला चिखल मिळतो.

बाबासाहेबांना हे सारे आधीच दिसले होते. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीतला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना त्यांनी सांगितले की हा अधिकारी राज्यघटनेतील बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेहूनही मोठे आहे आणि त्याला न्यायसंस्थेपेक्षा अधिक स्वातंत्र्य असायला हवे. आम्ही बाबासाहेबांचे हजार विचार भिंतीवर रंगवले. हा विचार कोणत्या वस्तीत रंगवलेला आहे?

गावाविषयीही त्यांच्या मनात भ्रम नव्हता. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व दिल्याशिवाय पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांच्या गौरवगीतांना त्यांनी रोखठोक उत्तर दिले. याचा अर्थ उघड आहे. गावातली सत्ता जातीच्या हातात असेल तर गावातला पैसाही जातीच्या वाटेनेच वाहणार. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची रचना ज्या समितीच्या अहवालातून उभी राहिली, त्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, सत्ता मुंबईहून जिल्ह्यात आली. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा घटनेत आल्या. सत्ता खाली आली, पैसा खाली आला. हिशेब मात्र वरच राहिला!

येथे एक शंका आपल्यातलेच कार्यकर्ते काढतात. ते म्हणतात, "तपासणीचा बडगा शेवटी आपल्याच सरपंचावर पडतो." ही शंका खोटी नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या माणसाला, विशेषतः आपल्या भगिनीला, गावातले धनदांडगे कोऱ्या कागदावर सही करायला लावतात. धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या सह्या असतात. पण भानगड बाहेर आली की अपात्र ठरते ती सरपंच, ग्रामसेवकाची फार तर बदली होते आणि ठेकेदार दुसऱ्या गावात नवे काम घेतो. ज्याने खरोखर पैसा खाल्ला त्याचे नाव कोणत्याच सहीत नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण यावरचा उपाय तपासणीच नको हा असूच शकत नाही. तपासणी बंद खोलीत होते म्हणून ती हत्यारासारखी वापरता येते. ज्याच्यावर डाव धरायचा त्याचीच फाईल काढायची आणि बाकीच्यांच्या फायली कपाटात ठेवायच्या, हे बंद खोलीतच जमते. भर ग्रामसभेत सगळ्यांचा हिशेब वाचला गेला तर आपल्या सरपंच भगिनीला 'ही सही माझ्याकडून कोणी घेतली' हे चारचौघांत सांगण्याची संधी मिळते. आणि आपलाच माणूस खात असेल तर? तर त्यालाही जाब विचारला पाहिजे. जयभीम म्हणणाऱ्याने वस्तीचा पैसा खाल्ला म्हणून तो पवित्र होत नाही.

उघड्यावरची तपासणी हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आणि सोबत नंदुरबार, पुणे, ठाणे व त्या वेळचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत २००७ साली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातली माणसे बसून दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरत. सेवा चांगली तर हिरवा रंग, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकारी लोकांसमोर उत्तर देत. निरक्षर बाईलाही लाल रंग कळतो. तिला परिच्छेद आणि अनुपालन कळण्याची गरज पडत नाही. तिकडे आंध्र प्रदेशात २००६ पासून रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण झाले, तेव्हा मजुरांच्याच घरातील शिकलेल्या मुलामुलींना शिकवून तपासनीस केले. ही मुले हजेरीपट घेऊन घरोघर गेली आणि 'तुला एवढे दिवस काम, एवढा पैसा मिळाला असे लिहिले आहे, खरे काय?' असे विचारू लागली. मेलेल्या माणसांच्या नावावरच्या मजुऱ्या अशाच विचारण्याने उघड होतात.

आणि तपासणी नकोच म्हणणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तेथे १९८३ पासून स्थानिक संस्थांचे हिशेब आणि सेवा तपासणारा लेखापरीक्षण आयोग होता. तो नगरपालिकांना दर्जाही देत असे. खर्च वाचवण्याच्या नावाखाली २०१५ साली तो बंद करण्यात आला. पुढे हिशेब तपासणीची एवढी दैना झाली की २०२३ साली ठरलेल्या मुदतीत हातच्या बोटांवर मोजण्याइतक्याच संस्थांचे लेखापरीक्षण पूर्ण झाले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या महापालिकेने पैसा संपल्याचे जाहीर केले. असे झाले की काट कोणाच्या सेवेवर बसते? तिथेही गरिबाच्याच!

तेव्हा आता काय करायचे? नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. हातात आहेत ती हत्यारे पुरेशी आहेत, ती गंजत पडली आहेत.

पहिले हत्यार ग्रामसभा. ग्रामपंचायत कायद्यातच लिहिले आहे की आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा हिशेब, प्रशासनाचा अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवली पाहिजेत. ही ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत व्हायची असते. बहुतेक ठिकाणी ती १ मे रोजी झेंडावंदनानंतर उरकली जाते. त्या दिवशी वस्तीतल्या वीस माणसांनी आणि वीस बायांनी उठून एवढेच म्हणावे, "टिप्पणी वाचा." वाचली नाही तर ती वाचली नाही असे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

दुसरे हत्यार माहितीचा अधिकार. आमच्यातील पुष्कळांना वाटते की २००५ चा हा कायदा म्हणजे झेरॉक्स मागण्याचा कायदा. त्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. म्हणजे वस्तीतल्या नालीचे सिमेंट किती आणि वाळू किती, हे तपासण्यासाठी नमुना मागता येतो. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाहीत. शिवाय राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे संविधान दिनीच, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयातील अभिलेख पाहू द्यावेत असे परिपत्रक काढले. घाटंजीच्या पंचायत समितीत आणि नगरपरिषदेत ते परिपत्रक दाखवून दप्तर पाहायला मागावे. नाकारले तर नकार लेखी मागावा.

तिसरे हत्यार २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. दाखला, नोंद, परवानगी ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि चौथे हत्यार प्रत्येक पोराच्या खिशात आहे. २०२० पासून ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाइलवर पाहता येतो. व्हॉट्सअॅपवर दिवसभर फॉरवर्ड करणाऱ्या आमच्या तरुणाने दिवसातली दहा मिनिटे आपल्या गावाच्या खर्चाकडे दिली तर ठेकेदाराची झोप उडेल.

यासाठी माणसे कुठून आणायची? समाजात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले, एसटीतले, लेखा विभागातले निवृत्त कर्मचारी आहेत. बाबासाहेबांच्या पुण्याईने खुर्चीवर बसलेल्या या नोकरदार वर्गाने आयुष्यभर सरकारचा हिशेब लिहिला. आता दोन वर्षे वस्तीचा हिशेब वाचावा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बेकार बसलेल्या मुलामुलींना सोबत घ्यावे. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर रोकड वहीच्या नकला उघडाव्यात. एक सही न कळणाऱ्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगावे: एवढे आले, एवढे गेले, आणि हे पाहा, नाली कुठे आहे! कोलाम पोडावरच्या आणि तांड्यावरच्या बांधवांनाही या कामात बरोबर घ्यावे, कारण लूट करणारा जात पाहून लुटतो, पण लुटीची पद्धत सगळीकडे एकच असते.

शासनाकडेही आमची मागणी साधी आहे. तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: 'ज्यांच्यासाठी काम झाले त्यांचे म्हणणे'. त्या रकान्याखाली वस्तीतील पाच माणसांची, त्यातील तीन महिलांची सही किंवा अंगठा असल्याशिवाय अंतिम देयक काढू नका. आक्षेप निघाला तर खालच्या सेविकेपासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत ज्याची ज्याची सही, त्याची त्याची जबाबदारी धरा. कापसी-कोपरीच्या १२ मुलांच्या आईबापांना हा रकाना मिळाला असता तर त्यांनी काय लिहिले असते, याचा विचार मुंबईत बसलेल्यांनी करावा.

येत्या ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा. नोटीस लागली नसेल तर लावायला सांगा. आणि जाताना एकटे जाऊ नका, वस्ती घेऊन जा.